चालतंय तोवर हात लावू नका

भोसरीतल्या कुठल्याही कारखान्यात विजेचं काम काढा, ते 'येत्या गुरुवारी' होणार असतं. पुणे-पिंपरी पट्ट्यात उद्योगांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. मेन स्विच खाली, मशिनं थंड, माणसं घरी. पॅनल उघडायला याहून चांगला मुहूर्त नाही. पण गुरुवार जवळ आला की कळतं, डिस्पॅच अडकलंय, हा गुरुवार चालू ठेवायचाय. मग पुढचा गुरुवार. पुढच्या गुरुवारी वायरमनच्या मेहुण्याचं लग्न. त्यापुढच्या गुरुवारी मालकच तिरुपतीला. अशा गुरुवारांच्या जोरावर मोटर सहज दहा-पंधरा वर्षं काढते.

जुन्या मोटरी बदलून नव्या बसवणं आणि त्यांच्यामागचं जुनं पॅनल काढून नवं लावणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे कारखानदारांचं एक वाक्य मला पाठ झालंय. "चालतंय ना?" हे वाक्य प्रश्नासारखं दिसतं, पण त्याला उत्तर दिलेलं चालत नाही.

काय काय चालतं ते बघायला मात्र शॉप फ्लोअरवर जावं लागतं. स्टार्टरचं हिरवं बटण एकदा दाबून मोटर सुरू होत नाही, दोनदा दाबावं लागतं, दुसऱ्यांदा जरा डावीकडून, तरी चालतंय. मोटरच्या अंगावर हात ठेववत नाही. ती पहिल्यापासून तापटच आहे, चालतंय. बेअरिंग ओरडतं, पण ओरडायचं थांबलं तर जास्त भीती, म्हणून तेही चालतंय. ओव्हरलोड रिले सारखा ट्रिप व्हायचा, म्हणून त्याचं सेटिंग वाढवलं. तरी ट्रिप व्हायला लागला, म्हणून तो बायपासच केला. तेव्हापासून एकदाही ट्रिप नाही. उत्तम चालतंय.

हे सगळं चालवतात ते मामा. मामा म्हणजे कारखान्याचे वायरमन. प्रत्येक कारखान्यात एक मामा असतात, निवृत्त झाले तरी असतात. दुसऱ्या दिवसापासून ते काँट्रॅक्टवर येतात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवून मूठ कानाला लावतात आणि मोटरचं भविष्य सांगतात. एका ठिकाणी मी चांगला महागाचा व्हायब्रेशन मीटर घेऊन गेलो होतो. मीटरनं जे निदान केलं ते मामांनी चहा संपायच्या आत करून ठेवलं होतं. फरक एवढाच की मीटरनं दशांश चिन्हापुढे दोन आकडे दिले आणि मामांनी बेअरिंग आणणाऱ्याला एक शिवी दिली.

मोटर बदलायची तर आधी जुनी मोटर कोण आहे ते शोधावं लागतं. सगळी माहिती नेमप्लेटवर कोरलेली असते: एचपी, व्होल्ट, अँपिअर, आरपीएम, इन्शुलेशनचा क्लास. अडचण एवढीच की दसरा दरवर्षी येतो. खंडेनवमीला यंत्रांची पूजा, आणि पूजेआधी रंगरंगोटी. रंगाऱ्याचा हिशेब नगावर असतो, नेमप्लेट झाकून रंग मारावा असं त्याच्या ठेक्यात कुठे लिहिलेलं नसतं. राखाडी रंगाचा थर, त्यावर गंध, त्यावर कुंकू, त्यावर झेंडूच्या देठाचा डाग आणि त्यावर पुढच्या वर्षीचा राखाडी थर. मी पत्री घेऊन खरवडायला बसलो की आजूबाजूचे ऑपरेटर अस्वस्थ होतात. कुंकू पुसतोय म्हणजे हा माणूस मोटरचं काही बरं चिंतत नाही. बरंच खरवडल्यावर हाती लागतात ते दोन आकडे, '१४', आणि पुढे टवका.

तेवढंही पुष्कळ असतं. चौदाशे काहीतरी म्हणजे मोटर चार पोलची. आपल्याकडच्या पन्नास सायकलच्या विजेवर चार पोलच्या मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे मारतं आणि रोटर त्याच्यामागे १४४० नं धावतो. तो मागे राहतो म्हणूनच त्याला ओढ बसते. गाठलंच तर ओढ संपली. मागे राहण्यावरच नोकरी टिकून आहे, असं हे कारखान्यातलं एक अधिकृत उदाहरण.

एचपीचा शोध निराळा. मामांना विचारावं तर ते म्हणतात, "दहाची आहे." स्टोअरच्या रजिस्टरात साडेबारा. रिवायंडिंगच्या जुन्या बिलांत पंधरा. शेवटच्या आकड्याचं कोडं लवकर सुटतं, कारण रिवायंडिंगचा दर एचपीवर असतो.

रिवायंडरबद्दल सविस्तर लिहायला हवं. मोटर जळाली की फोन मोटर बनवणाऱ्या कंपनीला जात नाही, रिवायंडरला जातो. अर्ध्या तासात टेम्पो दारात. त्याच्या शेडबाहेर आजूबाजूच्या सगळ्या कारखान्यांच्या मोटरी, अंगावर खडूनं मालकाचं नाव, रांगेत बसलेल्या असतात. आत गेलं की वार्निशचा वास, लाकडी फर्म्यावर गुंडाळल्या जाणाऱ्या तांब्याच्या कॉइल, लेदराइड पेपरच्या पट्ट्या, बांबूच्या पाचरा, आणि कोपऱ्यात दोन मोठे बल्ब लावून वाळत ठेवलेला एखादा स्टेटर. रिवायंडर जळकं वायंडिंग नुसतं बघून कारण सांगतो. स्टारमध्ये जोडलेल्या मोटरचे दोन फेज कोळसा आणि तिसरा कोरा करकरीत, म्हणजे सिंगल फेजिंग: एक फ्यूज उडाला आणि मोटर उरलेल्या दोन फेजवर कण्हत राहिली. तिन्ही फेज सारखेच काळे, म्हणजे ओव्हरलोड. कारण ऐकून सगळे माना डोलावतात. कारण दूर करावं असं मात्र कुणाच्या मनात येत नाही. तसं केलं तर रिवायंडरशी इतक्या वर्षांचे संबंध बिघडतील.

मग जुनं वायंडिंग काढायचं. ते वार्निशनं दगड झालेलं असतं. शास्त्र सांगतं की तापमान सांभाळून भट्टीत घालावं. शेडमागे मात्र स्टेटरला रॉकेल पाजून काडी लावतात. तांबं सुटतं. त्याबरोबर स्टेटरच्या पातळ पत्र्यांच्या मधलं इन्शुलेशनही जळतं आणि लोखंडात फुकटचे प्रवाह फिरायला लागतात. पुढे कधी मोटर रिकामी फिरवली तरी तापते आणि मामा म्हणतात, "पहिल्यापासून तापटच आहे." मग टर्न मोजायचे, गेज मोजायचं, सगळं वहीत लिहायचं. एकदा सोळा गेजची तार संपली होती. अठराच्या दोन तारा खाचेत बसेनात, म्हणून एकोणीसच्या दोन ओढल्या. यात तांबं पाचव्या हिश्शाहून जास्त कमी होतं हे वहीत लिहिलेलं नसतं. वहीत फक्त 'ओके, दिले' असतं. आणि इन्शुलेशनचा एक जुना हिशेब आहे, सोसवतं त्यापेक्षा दहा अंश जास्त तापवलं की आयुष्य साधारण निम्मं. रिवायंडरला हा हिशेब तोंडपाठ असतो. त्याचा पुढचा टेम्पो कधी निघणार ते त्यावरच ठरतं.

अशाच एका मोटरबद्दल मी विचारलं, "ही किती वेळा भरलीय?"

"आमच्याकडे चौथ्यांदा. त्याआधीचं माहीत नाही."

तिचं एक साइड कव्हर दुसऱ्याच मोटरचं होतं. पंखा प्लॅस्टिकचा, नंतरचा. पंख्यावरचं झाकण शेजारच्या पत्र्याच्या वर्कशॉपमधून वाकवून आणलेलं. शाफ्टवर धातू चढवून तो पुन्हा कातलेला. मूळची म्हणावी अशी फक्त बॉडी उरली होती आणि तिचाही एक पाय वेल्डिंगचा. पण मालकांनी तिच्यावर हात ठेवून (पटकन काढून) अभिमानानं सांगितलं, "आमच्या वडिलांच्या वेळची मोटर आहे."

आता एवढं सुखात चाललेलं असताना बदलायचं कशाला? कधीतरी एनर्जी ऑडिटर येतो म्हणून. तो टाँग टेस्टर, एक टॅब्लेट आणि इस्त्रीचा शर्ट घेऊन येतो आणि जाताना तो शर्ट मामांच्या शर्टासारखा झालेला असतो. जगातल्या एकूण विजेतली चाळीस टक्क्यांहून जास्त वीज मोटरी खातात, हे त्याचं पहिलं वाक्य. त्यावर कुणी काही बोलत नाही, कारण जगाचं बिल आपल्याला येत नाही. मग तो आयई १, आयई २, आयई ३ अशा पायऱ्या काढतो. चार पोलच्या साडेसात किलोवॅटच्या, म्हणजे आपल्या दहा एचपीच्या मोटरची कार्यक्षमता आयई १ मध्ये ८६ टक्के, आयई ३ मध्ये ९०.४. वर्षाला सहा हजार तास पूर्ण लोडवर चालली तर जुनी मोटर बावन्न हजारांवर युनिट खाते, नवी अडीच हजार कमी. युनिटला आठ रुपये धरले तरी वर्षाला वीस हजार वाचले.

मालकांना वीस हजारांचं काही वाटत नाही. वाटतं ते दुसऱ्याच आकड्याचं. "म्हणजे ही एक मोटर मला वर्षाला चार लाखांची वीज लावते?" लावते. मोटरच्या किमतीच्या कितीतरी पट, दरवर्षी. पण मोटरच्या चेकवर मालकांची सही असते, आणि लाइटबिल अकाउंटंट परस्पर भरतो. साडेचार हजारांच्या रिवायंडिंगसाठी पाचशे रुपयांची घासाघीस करणारे आमचे शेठ चार लाखांच्या बिलाकडे 'महावितरण काय ऐकणार आहे?' एवढं म्हणून सोडून देतात.

मग एखादा मालक मनावर घेतो आणि ब्लोअरची जुनी मोटर काढून आयई ३ बसवतो. पायांची भोकं जुळत नाहीत, ती कानसून लांबवतात. उंचीला पत्र्याचं पॅकिंग घालतात. एवढं सगळं करून महिनाअखेर बिल बघतात तर जैसे थे. ऑडिटरला फोन. ऑडिटर मला फोन. भानगड अशी की नवी मोटर जुनीपेक्षा कमी मागे राहते. जुनी १४४० नं फिरायची, ही १४६५ नं. आणि पंखा किंवा सेंट्रिफ्युगल पंप असेल तर लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते. वेग पावणेदोन टक्के वाढला की ताकद पाच टक्के वाढली. कार्यक्षमतेनं वाचवलेले पाच टक्के मोटरनं स्वतःच जास्त काम करून खर्च केले. हवा जास्त मिळतेय ती ऑपरेटरनं डँपर अर्धा बंद करून परत पाठवली. उपाय सोपा, पुली बदलायची. पण तोवर "आयई ३ मध्ये काही दम नाही" ही बातमी चहाच्या टपरीवरून दोन ब्लॉक पुढे गेलेली असते, आणि तिथल्या जुन्या मोटरींना आणखी काही वर्षांचं जीवदान मिळतं.

(हे आजचंच आहे असंही नाही. १९१५ साली टाटांची खोपोलीची वीज मुंबईत आली आणि गिरण्या वाफेच्या इंजिनाकडून विजेकडे वळू लागल्या. एका इंजिनावरून लांबलचक शाफ्ट, त्यावरून चामड्याचे पट्टे, प्रत्येक मशिनला एक. त्या वेळच्या कुठल्यातरी मामांनी पट्ट्याला राळ लावता लावता "चालतंय ना" म्हटलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही.)

मोटर बदलणं हे तसं हमालीचं काम. खरी परीक्षा पॅनलची. जुनं पॅनल उघडायची वेळ आली की मी आधी दार टकटकवतो. आत पाल असते. कॉन्टॅक्टरच्या कॉइलची ऊब तिला मानवते. कधीतरी ती दोन फेजवर एकाच वेळी पाय ठेवते आणि कारखान्याला अचानक सुट्टी मिळते.

दाराच्या आतल्या खिशात ड्रॉइंग असतं. निळसर अमोनिया प्रिंट, घड्यांवर फाटलेली, एक कोपरा उंदरानं नेलेला. त्या ड्रॉइंगचं आणि पॅनलचं नाव एकच असतं, बाकी साम्य शोधावं लागतं. ड्रॉइंगात बारा रिले, पॅनलमध्ये एकोणीस. ड्रॉइंगात फेजला लाल, पिवळा, निळा. पॅनलमध्ये सगळं लाल, कारण त्या दिवशी तपकीर गल्लीत तेवढंच मिळालं. एका लिमिट स्विचच्या दोन टोकांवर वायरचा तुकडा टाकून तो कायमचा शांत केलेला, आणि त्या तुकड्याला बांधलेल्या चिठ्ठीवर निळ्या शाईनं लिहिलंय: 'तात्पुरते, १२/३/९८'. मला त्या तुकड्याचं कौतुक वाटतं. सगळ्या पॅनलमध्ये नीट लग क्रिंप करून, स्लीव्ह घालून केलेलं तेवढं एकच कनेक्शन असतं. एका कॉन्टॅक्टरच्या फटीत आइस्क्रीमची काडी असते. ती काढायची नाही.

"मामा, ही काळी वायर कुठे जाते?"

"ती पण काढायची नाही."

"पण जाते कुठे?"

"ते कुणालाच माहीत नाही. पण मागं काढली होती तेव्हा काय झालं, ते मला माहीत आहे."

एका पॅनलमध्ये एक रिले होता. त्याच्यात वायर येत होती, त्याच्यातून जात होती, तो टकाटक ओढतही होता, पण मशिनच्या कुठल्याच कामाशी त्याचा संबंध लागेना. आमच्या तरुण इंजिनिअरनं शांतपणे तो काढला. सगळं सुरळीत चाललं. पंप चालला, ब्लोअर चालला, भट्टी चालली. अकरा वाजता कँटीनची घंटा वाजली नाही. आजवर पाणी गेलं, तेल गेलं, एक फेज गेला, तेव्हा त्या कारखान्यात जेवढी धावपळ झाली नव्हती तेवढी त्या दिवशी झाली. मॅनेजर स्वतः खाली आले. रिले पाच मिनिटांत जागेवर गेला आणि नव्या ड्रॉइंगात त्याला मानानं जागा मिळाली.

नवं पॅनल म्हणजे पीएलसी, रिलेंचं काम प्रोग्रॅमवर करणारी पेटी. त्याचा जन्मही अशाच वायरींच्या कंटाळ्यातून झालेला. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागात गाडीचं मॉडेल बदललं की भिंतीएवढी रिले पॅनलं उचकटून पुन्हा वायरिंग करावं लागे. १९६८ मध्ये त्यांनी यावर इलाज मागितला, आणि डिक मॉर्ली व त्याच्या मंडळींनी मोडिकॉन ०८४ हे यंत्र दिलं. ०८४ का, तर तो त्यांच्या कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता म्हणून. मला यातलं शहाणपण वाटतं ते वेगळंच. प्रोग्रॅम लिहायची पद्धत त्यांनी रिलेच्या ड्रॉइंगासारखीच ठेवली, शिडीसारख्या रेघा आणि त्यात कॉन्टॅक्ट, कॉइल. कारण यंत्र उद्या बिघडलं तर बघायला कोण येणार? तिकडचे मामाच. इतक्या वर्षांनंतरही लॅडर लॉजिक टिकून आहे, आणि आमच्या मामांनी पहिल्यांदा लॅपटॉपच्या पडद्यावर ते बघितलं तेव्हा चष्मा वर करून एवढंच म्हणाले, "हे तर आपलंच आहे. होल्डिंग कुठाय?"

आता गंमत अशी, की जुनं म्हणून जे आम्ही बदलतो ते हल्ली रिले नसतातच. ऐंशी-नव्वदच्या दशकात मोठ्या कौतुकानं बसवलेले पहिले पीएलसीच असतात. त्यांचा प्रोग्रॅम रॅममध्ये, आणि रॅमला जिवंत ठेवते ती एक छोटी लिथियम बॅटरी. ही बॅटरी सप्लाय चालू असताना बदलायची असते. आपल्याकडे विजेचं काम म्हटलं की पहिला नियम मेन खाली ओढण्याचा, आणि तो बरोबरच आहे. एका गुरुवारी एका कारखान्यात हा नियम तंतोतंत पाळून बॅटरी बदलली. शुक्रवारी सकाळी पीएलसीला सगळं आयुष्य नव्यानं सुरू करायला मोकळीक मिळाली होती. प्रोग्रॅमची कॉपी? आहे की, फ्लॉपीवर. फ्लॉपी? आहे की, कपाटात. किल्ली? ज्या साहेबांकडे होती ते बंगळुरूला. फ्लॉपी वाचायला ड्राइव्ह? इथे सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

म्हणून जुन्या कारखान्यात एक जुना लॅपटॉप असतो. त्याला नऊ पिनांचा सिरियल पोर्ट असतो, म्हणून तो मालकांच्या गाडीपेक्षा जपला जातो. त्यात विंडोज एक्सपी. मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा सांभाळ ८ एप्रिल २०१४ ला सोडला, पण मामांनी सोडलेला नाही. त्यावर पिशवी, पिशवीवर टेप, टेपवर मार्करनं 'इंटरनेट लावू नये'. सायबर सुरक्षेवर एवढं नेमकं वाक्य मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

नव्या पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायला बसलं की इंजिनिअर विचारतो, "सध्या मशिन कसं चालतं, तेवढं लिहून द्या." कागदावर तीन ओळी येतात: कूलिंगचा पंप चालू, मग भट्टी चालू, मग ब्लोअर चालू. त्यानं प्रोग्रॅम तसा लिहिला. एक बटण दाबलं की तिन्ही ओळीनं. एका हीट ट्रीटमेंटच्या शेडमध्ये आम्ही ते बटण दाबलं. पंप चालू झाला, भट्टी चालू झाली आणि लगेच पाण्याच्या प्रेशर स्विचनं सगळं बंद पाडलं. पुन्हा दाबलं. पुन्हा बंद. स्विच बदलला, पाइप उघडून बघितला, शब्दाला शब्द वाढला. जुन्या पॅनलवर असं कधीच होत नव्हतं, हे मालकांनी प्रत्येकाला स्वतंत्रपणे सांगितलं.

शेवटी मामांना विचारलं, तुम्ही कसं चालू करायचात? मामांनी करून दाखवलं. पंपाचं बटण शेडच्या या टोकाला, भट्टीचं त्या टोकाला. पंप चालू करायचा आणि चालत निघायचं. ते तिकडे पोचेपर्यंत पाणी लांबच्या जॅकेटपर्यंत पोचलेलं असायचं. वीस-पंचवीस वर्षं त्या कारखान्याचा सगळ्यात विश्वासू टायमर मामांचे दोन पाय होते, आणि तो कुठल्याही ड्रॉइंगात नव्हता. इंजिनिअरनं मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मामांना पुन्हा चालायला लावलं. पंचवीस सेकंद. वाटेत खांबापाशी तंबाखू मळायला थांबले तर चाळीस.

"बहुतेक वेळा थांबता का?"

"रोजच."

टायमर चाळीसवर ठेवला. प्रोग्रॅममध्ये त्या ओळीवर शेरा आहे: 'मामा डिले'. तो अजून तसाच आहे, आणि त्या भट्टीनं पाण्याची तक्रार पुन्हा केलेली नाही.

राहता राहिली ड्राइव्ह. मोटरचा वेग हवा तसा कमी-जास्त करणारी ही पेटी म्हणजे खरोखर गुणाची वस्तू. पाणी फार उंच चढवायचं नसेल तर पंपाचा वेग ऐंशी टक्क्यांवर आणला की वीज जवळपास निम्मी लागते. व्हॉल्व्ह आवळून पाणी कमी करणं म्हणजे एक पाय अ‍ॅक्सिलरेटरवर आणि दुसरा ब्रेकवर ठेवून गाडी हाकणं. ड्राइव्हमुळे ते थांबतं. मालकांना हे पटतं. पटतं म्हणून ते म्हणतात, "ड्राइव्ह घेऊ, पण मोटर जुनीच राहू दे." ड्राइव्ह मोटरला वीज देते ती सेकंदाला हजारो तुकडे करून, आणि लांब केबलवर त्या तुकड्यांच्या कडा मोटरच्या तोंडाशी अजून उंचावतात. चार वेळा भरलेल्या वायंडिंगला हे सोसत नाही. टेम्पो येतो. मग मालक म्हणतात, "बरं, मोटर नवी घेऊ, पण ड्राइव्ह राहू दे."

दोन्ही एकदम घेतलीच तर वेगळी पंचाईत. स्टार-डेल्टावर मोटर सुरू व्हायची तेव्हा आधी घूंऽऽ, मग खाडकन चेंजओव्हर, दिवे एकदा मिचकायचे, आणि सगळ्या शेडला कळायचं की आली. ड्राइव्हवर ती वीस सेकंदांत चोरपावलांनी वेग घेते. पहिल्या आठवड्यात ऑपरेटर हिरवं बटण दाबायचा, काही ऐकू आलं नाही म्हणून पुन्हा दाबायचा, मग लाल दाबायचा आणि मामांना हाक मारायचा. लेखी तक्रार आली: 'मोटर चालू झाल्याचा आवाज येत नाही, तरी आवाजाची व्यवस्था व्हावी.' आम्ही एक हूटर बसवून दिला. वीज वाचवण्याच्या बजेटात तो बसला.

ड्राइव्हला धूळ आणि उष्णता सहन होत नाही, म्हणून तिला रबराच्या पट्टीचं बंद कपाट, वर पंखा, पंख्याला फिल्टर. फिल्टर दर महिन्याला धुवायचा असतो. दोन महिन्यांनी ड्राइव्ह पडद्यावर एक नंबर दाखवून थांबते. पुस्तिकेत त्या नंबराचा अर्थ सात-आठ भाषांत दिलेला आहे, मराठीत नाही. मामा मला फोनवर नंबर वाचून दाखवतात, मी म्हणतो, "मामा, तापलीय." मामांना तापलेलं यंत्र नवं नाही. मी पुढच्या खेपेला जातो तेव्हा बंद कपाटाचं दार सताड उघडं असतं आणि समोर उभा पंखा पूर्ण जोरात त्याच्यावर वारा मारत असतो, शेडमधल्या सगळ्या धुळीसकट. पाल परत आलेली असते.

एका कारखान्यात जुनी मोटर काढली त्या दिवशी भंगारवाला दारात हजर होता. त्याला कोण कळवतं हे मला कधीच समजलेलं नाही. त्यानं मोटर डोळ्यांनीच तोलली आणि बिडाचा आणि तांब्याचा वेगवेगळा भाव सांगितला. मालकांनी मान हलवली. "विकायची नाही. स्टँडबाय राहू दे." मोटर जिन्याखाली गेली, अंगावर ताडपत्री आली, दसऱ्याला तिथेच तिला कुंकूही लागलं.

दिवाळीनंतर शेजारच्या प्लॉटवरचे मालक चहाला आले. इकडतिकडचं झाल्यावर म्हणाले, "तुमच्याकडे ती दहा एचपीची पडून आहे म्हणे. देता का? आमची पार गेली हो. तिच्यापेक्षा तुमची बरीच नवी असेल."

सौदा दोन कप चहात झाला. टेम्पो रिवायंडरचाच आला. वाटेत एकदा भरून घेऊ, असं ठरलं. येत्या गुरुवारी बसवणार आहेत.